बाकीची मंडळी कुठं गेली?

नमस्कार, श्रोतेहो.

टीव्हीवर खेड्यापाड्यांचे प्रवासपट लागतात, त्यात निवेदकाचं एक वाक्य हमखास असतं. 'शहराच्या गजबजाटापासून दूर, किती शांत आहे बघा इथं!' मागे बासरी सुरू होते, ड्रोन भातखाचरांवरून गिरकी घेतो. आपण इकडे मुंबईत, खिडकीबाहेर रस्ता खणायचं काम चालू असताना हे ऐकतो आणि मनात म्हणतो, नशीबवान आहेत बुवा.

आता हेच वाक्य फेब्रुवारीत, पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडच्या एखाद्या पाड्यावर उभं राहून म्हटलेलं असेल तर? भात झोडून झालं, दिवाळी सरली, की तिकडची कितीतरी कुटुंबं बिऱ्हाड बांधून वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर निघतात. ती परततात पावसाच्या तोंडावर. मागे राहतात म्हातारी माणसं, थोडी पोरं, कोंबड्या. कुडाच्या घरांना कडी, अंगणातल्या चुलीत राखसुद्धा नाही. कॅमेऱ्यात हे सगळं येतं, आणि चित्र म्हणून छानच येतं. निवेदकानं 'बाकीची मंडळी कुठं गेली?' एवढं एकच विचारलं असतं, तर त्या शांततेचा अर्थ प्रेक्षकाला लागला असता. मुंबईच्या आसपास उठणाऱ्या इमारतींच्या विटा कोण पाडतं, हेही ओघानं आलं असतं.

समतोल निवेदन म्हटलं की पुष्कळांना वाटतं, थोडं गोड दाखवायचं, थोडं कडू दाखवायचं, झालं. जव्हारच्या वाट्याला नेमकं हेच आलं आहे. 1992 साली वावर-वांगणीत बालमृत्यू झाले आणि जव्हारचं नाव सगळीकडे पोचलं. तेव्हापासून बातमीवाल्यांची गाडी येते ती कुपोषणासाठी, आणि प्रवासवाल्यांची येते दाभोसा धबधब्यासाठी. दोघांच्या चित्रफिती एकापुढे एक जोडल्या तरी तिथला माणूस काही उभा राहत नाही. तो असतो आठवडी बाजारात मिरचीचा भाव करताना, आश्रमशाळेत पोराला सोडायला निघालेल्या एसटीत, रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून खोळंबलेला. हे दाखवायला फार पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. आणि वेळच नेमका कोणाकडे नसतो. सकाळी पोचायचं, सूर्य बुडायच्या आत 'गोल्डन अवर', म्हणजे मावळतीचं सोनेरी ऊन, साधायचा, रात्री घोडबंदर रोडच्या गर्दीतून परत.

प्रश्न कसा विचारतात तेही ऐका कधी. 'आजी, इथं किती समाधान आहे ना?' यावर आजी काय म्हणणार? दारी आलेल्या पाहुण्याला कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. 'हां, बरा हाय,' म्हणते बिचारी. ती पुढचं काही बोलायला लागते, तोवर निवेदकाचा आवाज तिच्यावर चढलेला असतो. याउलट 'उन्हाळ्यात पाणी कुठनं आणता?' असं विचारा आणि गप्प बसा. आजी आधी विहीर सांगेल, मग झरा, मग टँकर किती दिवसांनी येतो ते, आणि त्या रांगेत सुनेचं कोणाशी भांडण झालं तेही. आम्हा रेडिओवाल्यांना गप्प बसण्याची किंमत ठाऊक असते. टीव्हीवाले त्या जागेत बासरी भरतात.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचं नाव घ्यायलाच हवं. तानसा आणि भातसा, मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी हे दोन तिथले. त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांची रांग आणि मागे मावळतीचं ऊन, हे दृश्य किती वेळा पाहिलंय आपण! त्या दृश्यावर 'कष्टाळू, तरीही हसतमुख' असं निवेदन वाचणारा माणूस सकाळी आंघोळ करून निघालेला असतो ती त्याच तालुक्याच्या पाण्यानं. हे त्यानं एका वाक्यात सांगितलं, तर मी त्याला दहा ड्रोन माफ करीन.

हा रोग जुना आहे. 1922 साली रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' आला. ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांच्या हाती तेव्हा बंदुका आलेल्या होत्या, पण पडद्यावर शिकार भाल्यानं करवून घेतली. नायकाचं नावही खरं नव्हतं. आपल्याकडे तारपा, म्हणजे आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य, भाताच्या हंगामातला, नवं धान्य घरात यायच्या दिवसांतला. तो भर मे महिन्यात, कोऱ्या लुगड्यांत, युनिटच्या सोयीनं वाजवून घेतात. घ्यावा की! कलावंताला मानधन द्यावं आणि 'आमच्या विनंतीवरून वाजवला' असं सांगावं. चित्रीकरणाचा महिनाही सांगावा. ऑगस्टमधलं हिरवंगार गाव बारमाही तसंच असतं, असं वाटून लोक एप्रिलमध्ये गाडी काढतात.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. त्यावरच्या 'आमची माती आमची माणसं'मध्ये सजावट फारशी नसायची. पण निवेदक बोलायचा तो शेतकऱ्याशी, कीड कुठली आणि फवारणी कधी ते. प्रवासपटात शेतकरी पडद्याच्या आत गेला आणि बोलणं सुरू झालं आपल्याशी, त्याच्याबद्दल. आता मात्र त्याच्याही हातात मोबाइल आहे. भाग प्रसारित झाला की दुसऱ्या दिवशी पाड्यावरची पोरं तो पाहतात, आजीला दाखवतात, आणि 'समाधान' ऐकून हसतात.

आणखी एक राहिलं. असा भाग लागला की येत्या शनिवार-रविवारी गाड्या धबधब्यावर. बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या तिथंच पडतात; जेवण मात्र हायवेवरच्या हॉटेलात होतं. जेवण गावात कोण करून देतं, आदल्या दिवशी कळवावं लागतं का, माणशी किती घेतात, हे निवेदकानं सांगावं. धबधब्याची नेमकी वाट सांगायची की नाही, हे गावाला विचारून ठरवावं. गाव नको म्हणालं, तर तेही कॅमेऱ्यासमोर सांगून टाकावं.

नमस्कार.