खटका कुठंय? अंधारात चमकणाऱ्या बटनांची गोष्ट

[पडदा काळा. भिंतीवर तळहात घासत गेल्याचा आवाज. मग खट्. उजेड.]

हा जो आवाज ऐकलात ना आत्ता, तो वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या जिन्यातला आहे. जिना अरुंद, मध्येच काटकोनात वळतो, भर दुपारीसुद्धा तिथं अंधार, आणि दिव्याचं बटन कुठं तर वळणाच्या पलीकडे. म्हणजे आधी अंधारात चढायचं, मग उजेड करायचा. घर आधी बांधलं गेलं, वीज नंतर आली, वायर जिथं सहज पोचली तिथं बटन बसलं, संपला विषय. घरच्यांना सवय आहे, पण पाहुणा आला की आजी वरून ओरडतात, "अरे थांब, हलू नको, उजव्या हाताला बघ, उजव्या!" आता बघ म्हणजे काय बघ, दिसतंय कुणाला.

तर प्रश्न साधा आहे. अंधारात स्वतःहून दिसेल असं बटन कसं बनवायचं? तुम्ही म्हणाल चमकणारं काहीतरी चिकटवा, झालं. आम्हालाही तसंच वाटत होतं, पण बटनं बनवणाऱ्यांशी बोलायला बसलो तेव्हा त्यांचा पहिलाच उलटा प्रश्न होता: अंधार कुठला? नुकताच दिवा मालवलाय तो, का दिवसभर बंद असलेल्या जिन्यातला, का लाइट गेल्यावरचा? हे तिन्ही अंधार वेगळे आहेत आणि एकच बटन तिघांना पुरं पडत नाही.

[जुने बॅकेलाइटचे काळे खटके, पितळी टोपणाचे स्विच]

पहिल्यापासून बघू. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या घरांत दोन बटनांचे स्विच असायचे, एक दाबलं की दिवा लागणार, दुसरं दाबलं की विझणार, आणि लावायच्या बटनावर शिंपल्याच्या आतला तो चकाकणारा पांढरा तुकडा बसवलेला असायचा. खिडकीतून थोडासा जरी उजेड आला तरी तो आधी दिसायचा. वायर नाही, रंग नाही, मला तर ही कल्पना अजूनही फार आवडते. फक्त काळोख पूर्ण असेल तर शिंपला तरी काय करणार.

मग आलं रेडियम. क्यूरी नवराबायकोनी १८९८ मध्ये ते शोधलं आणि वीसएक वर्षांत त्याचा रंग घड्याळाच्या काट्यांवर, दिव्याच्या ओढायच्या साखळीच्या टोकावर, जिथं तिथं लागायला लागला. त्या रंगात रेडियम आणि झिंक सल्फाइड असायचं, रेडियममधून सतत कण सुटणार, ते झिंक सल्फाइडवर आदळणार आणि हिरवट उजेड पडणार, रात्रंदिवस, चार्ज करायची गरजच नाही. बटन बनवणाऱ्याला अजून काय हवं? पण न्यू जर्सीत ऑरेंज नावाच्या गावात ज्या मुली हा रंग घड्याळांवर लावायच्या, त्यांना ब्रशचं टोक ओठांनी बारीक करायला शिकवलेलं होतं. रेडियम पोटात गेलं, हाडांत बसलं, जबडे सडले, कित्येकजणी गेल्या. पाचजणी कोर्टात गेल्या, १९२८ मध्ये तडजोड झाली. आणि बघा, रेडियमचं आयुष्य निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात, पण त्याच्या माऱ्यानं झिंक सल्फाइड काही वर्षांतच निकामी होतं, म्हणून तसली जुनी घड्याळं आज चमकत नाहीत, पण किरणं मात्र सोडतच असतात. आता बाजारात रेडियमच्या पट्ट्या म्हणून जे विकतात त्यात रेडियम औषधालाही नसतं, घाबरू नका.

[टेस्टर होल्डरमध्ये. नारिंगी ठिपका पेटतो.]

हा टेस्टर प्रत्येक घरात असतो. ह्याच्या पोटात जी इवलीशी काचेची नळी आहे तीच बोर्डावरच्या इंडिकेटरमध्ये पण असते. आत निऑन नावाचा वायू. डॅनियल मूर नावाच्या इंजिनीअरनं १९१७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना हा छोटा निऑन दिवा बनवला, आणि तो अजून टिकून आहे त्याला कारण आहे. साधारण ६५ ते ९० व्होल्टला तो पेटतो, आपल्याकडे २३० आहेत, मग मध्ये करंट अडवणारा एक रेझिस्टर टाकला, दीड-दोन लाख ओहमचा, की काम झालं. डायोड नको, सर्किट नको. करंट जातो एक मिलीअँपिअरच्या आसपास, म्हणजे वर्षभर चोवीस तास चालू ठेवला तरी दोनएक युनिट बिल.

आता तो जोडायचा कसा, खरी गंमत इथं आहे. वायरमनची सोपी रीत म्हणजे स्विचच्या दोन टोकांवरच निऑन जोडून टाकायचा. बटन बंद असलं की थोडासा करंट निऑनमधून आणि बल्बमधून वाट काढून जातो, निऑन पेटतो, बल्ब पेटायला तेवढा करंट पुरत नाही. बटन चालू केलं की निऑनला बायपास मिळतो, तो विझतो. अंधार असताना बटन दिसतं, उजेड असताना नाही, आणि एकही जास्तीची वायर लागत नाही. शिवाय जुना पिवळा बल्ब उडाला तर निऑनही विझायचा, म्हणजे खालूनच कळायचं की वर बल्ब गेलाय. इतकं चांगलं जमलेलं काम मी फार कमी बघितलंय.

ते मोडलं एलईडीनं. मांडवीच्या बाजूला एका इलेक्ट्रिकच्या दुकानात उभे होतो तेवढ्यात एक काकू बल्ब परत करायला आल्या, "भाऊ, बटन बंद केलं तरी रात्रभर मिचमिचतो हो हा, भूत आहे का काय." दुकानदारानं पहिला प्रश्न विचारला, बटनात दिवा आहे का? होता. एलईडी बल्बच्या आत एक कपॅसिटर असतो, निऑनमधून येणारा तो चिमूटभर करंट त्यात साठत जातो, पुरेसा साठला की बल्ब एकदा लुकलुकतो, रिकामा होतो, परत साठायला लागतो. बल्बही चांगला, बटनही चांगलं, फक्त दोघांचं जमत नाही. उपाय आहेत, बल्बच्या बाजूला एक छोटा कपॅसिटर लावतात, नाहीतर निऑनला सरळ न्यूट्रलवर, म्हणजे करंटच्या परतीच्या वायरवर, घेतात, मग तो कायम पेटलेला राहतो आणि बल्बशी त्याचा संबंधच उरत नाही. पण त्याला स्विचच्या डबीत न्यूट्रल यायला हवा, तो जिन्यातल्या एकट्या बटनाच्या डबीत बहुतेक वेळा नसतो.

(जाता जाता एक, असं दिवा असलेलं बटन बंद असलं तरी बल्बच्या होल्डरपर्यंत थोडा करंट पोचलेला असतो. बल्ब बदलायचा तर मेन बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडा, बटनावर विश्वास ठेवू नका.)

निऑनची तीन दुखणी अजून आहेत. सतत जळून त्याची काच आतून काळी पडते आणि तो फडफडायला लागतो. दुसरं म्हणजे ज्याला अंधारात पेटायचंय तोच पूर्ण अंधारात पेटायला का कू करतो, कारण बाहेरून थोडा उजेड पडला तर आतले इलेक्ट्रॉन सुटायला मदत होते, काळ्याकुट्ट जागेत ती मिळत नाही, तिथं पेटायला थोडा उशीर होतो नाहीतर जास्त व्होल्टेज लागतं. आणि तिसरं दुखणं सगळ्यांना माहितीच आहे, लाइट गेली की तोही गेला. इन्व्हर्टरवाल्या घरात चालेल, बाकीच्यांचं काय?

[हिरवट चमकणारं वर्तुळ. दिवा लावतात, मालवतात.]

इथं येतो दुसरा रस्ता, उजेड साठवणारी पावडर. पूर्वी झिंक सल्फाइडमध्ये तांबं मिसळून बनवायचे, ती तासा-दोन तासांत मंदावायची. १९९३ मध्ये जपानच्या नेमोटो कंपनीनं स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट आणलं, त्यात युरोपियम आणि डिस्प्रोसियम अगदी थोडं थोडं, ते साधारण दहापट जास्त चमकतं आणि रात्रभर पुरतं. किरणोत्सर्ग वगैरे काही नाही. उजेड पडला की ऊर्जा स्फटिकातल्या बारीक बारीक खाचांत अडकते आणि मग खोलीच्या उष्णतेनं हळूहळू सुटत राहते. सुटण्याची चाल तळाला भोक पडलेल्या माठासारखी, भरलेला असताना धार जोरात, नंतर नुसतं थेंब थेंब, पण ते थेंब पहाटेपर्यंत चालतात.

उष्णतेनं सुटते म्हटलं ते आम्ही करून बघितलं. चमकणारं वर्तुळ फ्रीजरमध्ये टाकलं तर मंद झालं, बाहेर काढून हातात धरलं तर परत उजळलं. म्हणजे मे महिन्यात वडोदऱ्यात पश्चिमेची भिंत रात्रीसुद्धा तापलेली असते तिथं हे बटन सुरुवातीला जास्त चमकणार आणि लवकर रिकामं होणार.

आणि साठणार कधी, तर उजेड पडला तरच. तोही कुठलाही उजेड नाही, जांभळा-निळा लागतो, लाल-पिवळ्याला ही पावडर दाद देत नाही. जुन्या ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या जांभळ्या-निळ्या रेषा असतात, त्यात ती छान भरायची. आता लोकांनी बेडरूममध्ये पिवळसर एलईडी लावले, दिसायला मस्त, पण त्यात निळा भाग कमी, मग तेच बटन पहिल्यासारखं चमकत नाही आणि दोष बटनाला. आणि आपला तो जिना? तिथं दिवसभर अंधारच, साठवायला काही मिळतच नाही, तिथं हे बटन म्हणजे नुसतं फिकट हिरवं प्लास्टिक.

[मकरपुरा जीआयडीसी. इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन.]

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत एका छोट्या मोल्डिंग युनिटमध्ये गेलो, म्हणजे प्लास्टिक वितळवून साच्यात दाबतात तिथं. तिथल्या काकांनी सरळ सांगितलं, "ही पावडर म्हणजे मशीनचा शत्रू." कारण ती कडक असते, मशीनचा स्क्रू आणि बॅरल घासून काढते, आणि घासलेलं लोखंड प्लास्टिकमध्ये मिसळून सगळा माल राखाडी होतो, राखाडी माल चमकेल कसा. म्हणून स्क्रू हळू फिरवायचा. प्लास्टिक आरपार दिसणारं घ्यायचं, त्यात पांढरा रंग अजिबात टाकायचा नाही, तो उजेड आतही जाऊ देत नाही आणि बाहेरही येऊ देत नाही, पांढरं हवं असेल तर मागं एक पांढरा थर द्यायचा म्हणजे मागं जाणारा उजेड परत फिरतो. पावडरचा दाणा मोठा तर चमक जास्त, पण दाणा मोठा तर पृष्ठभाग खरखरीत आणि मशीन अजून लवकर खलास. शिवाय उघडी पावडर पाण्यानं खराब होते, प्लास्टिकमध्ये नीट गुरफटलेली असली तरच टिकते. म्हणून स्वस्त चमकणारा रंग वरून मारलेली बटनं घेऊ नयेत असं माझं मत, चार पावसाळ्यांनी नुसते डाग उरतात.

परत हे विजेचं बटन आहे, खेळणं नाही. आपल्याकडे घरगुती स्विचसाठी आयएस ३८५४ हे मानक आहे. करंट वाहणारे भाग ज्या प्लास्टिकवर बसतात त्याला ८५० डिग्रीची तापलेली तार लावून बघतात, पेटत राहतंय का विझतंय. पावडर घातल्यावर प्लास्टिकचा स्वभाव बदलतो, म्हणून शहाणा डिझायनर चमकणारा भाग फक्त बाहेरच्या कड्यात ठेवतो, आतल्या पत्र्यांजवळ जाऊच देत नाही. असल्या चाचण्यांसाठी लांब जायला नको, १९७४ मध्ये सुरू झालेली एर्डा ही विजेच्या सामानाची तपासणी करणारी संस्था इथंच मकरपुऱ्यात आहे. आणि विजेचं शिक्षण म्हणाल तर सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेलं कलाभवन आज विद्यापीठाची इंजिनीअरिंग फॅकल्टी आहे, ह्या धंद्यातली कितीतरी माणसं तिथूनच बाहेर पडलीत.

[अंधार. एकच ठिपका. मग ठिपक्याच्या जागी कडं.]

आता नीट बघा. एक ठिपका दाखवतोय, कॅमेरा हललेला नाही, पण टक लावून बघत राहिलात तर तो सरकतोय असं वाटेल. अंधारात आजूबाजूला काहीच नसलं की डोळ्याला एकट्या ठिपक्याची जागा पकडता येत नाही. म्हणजे बटनाच्या मधोमध एक ठिपका दिला तर माणूस भलतीकडेच बोट नेतो. त्याच्याऐवजी कडं द्या, लांबी-रुंदी कळते, अंतराचा अंदाज येतो, आणि बोट मधोमध टेकलं तरी कडं झाकलं जात नाही. एवढी साधी गोष्ट, पण बाजारात अजूनही ठिपकेच जास्त दिसतात.

हिरवाच रंग का, तेही ह्याच डोळ्यामुळं. अंधाराला सरावलेल्या डोळ्यात ज्या पेशी काम करतात त्या ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्याला, सगळ्यात तिखट असतात आणि ही पावडर ५२० ला चमकते, अगदी शेजारी. त्या पेशी डोळ्याच्या मधोमध नसतात, कडेला असतात, म्हणून फिकट झालेलं बटन रोखून बघितलं तर हरवतं आणि थोडं तिरकं बघितलं तर सापडतं. सरावायला मात्र वीस-तीस मिनिटं लागतात. झोपेतून उठलेल्या माणसाचे डोळे सरावलेलेच असतात, त्याला पहाटेचं मंद कडंसुद्धा पुरतं. उन्हातून जिन्यात शिरलेल्याला नाही पुरत.

म्हणून आमच्या जिन्याला शेवटी जे बटन सुचवलं ते दोन्हींचं मिळून आहे: आत निऑन, तो न्यूट्रलवर, आणि भोवती पावडरचं कडं. निऑनच्या नारिंगी उजेडानं कडं भरत नाही, तेव्हा त्याचा भरवसा जिन्यातल्या दिव्यावरच, पण दिवा लागलेला असताना लाइट गेली तर उतरेपर्यंत कडं दिसत राहतं. बेडरूमला नुसतं कडं. आणि दारावरच्या बेलच्या बटनाला निऑन देताना बेलच्या वाटेतून करंट नेऊ नका, टिंगटाँगवाली बेल त्यानं हळूच गुणगुणत बसते.

घराचं काम चालू असेल, भिंती उघड्या असतील, तर वायरमनला आत्ताच सांगून ठेवा की जिन्यातल्या आणि बेलच्या डबीत न्यूट्रलची एक वायर टाक. तो म्हणेल कशाला हवी, लागत नाही. त्याला म्हणा टाक.