आय-65 वरचा बॅले

(अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस आणि आसपासच्या मराठी श्रोत्यांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादन करून)

मंडळी, कोथरूडहून कमिन्स या इंजिन कंपनीच्या नोकरीसाठी कोलंबसला आलेल्या घरांमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं: "बॅले पाहायचा म्हणजे न्यूयॉर्कलाच जायला हवं." घरातली मुलगी गावातल्या स्टुडिओत चार-चार वर्षं प्लिए आणि तांद्यू या पायांच्या प्राथमिक हालचाली घोटत असते, पण पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत अख्खा बॅले तिने एकदाही पाहिलेला नसतो. गाणं शिकवायचं आणि मैफलीला मात्र न्यायचंच नाही, असा हा प्रकार. आय-65 या महामार्गाच्या काठी राहणाऱ्याने बॅले शोधायचा कसा, आणि सापडल्यावर तो जाण्याजोगा आहे की नाही हे तिकीट काढण्याआधी ओळखायचं कसं, एवढंच आज बोलायचं आहे.

आधी नकाशा पाहू. कोलंबस आय-65 वरच आहे. उत्तरेला साधारण 45 मैलांवर इंडियानापोलिस, दक्षिणेला 75-80 मैलांवर लुईव्हिल. पश्चिमेला स्टेट रोड 46 ने चाळीसेक मैलांवर ब्लूमिंग्टन, आणि त्याच रस्त्याने पूर्वेला जाऊन पुढे आय-74 धरली की सिनसिनाटी, दीड तासाच्या आसपास. म्हणजे दोन तासांच्या आत चार शहरं, आणि चारही ठिकाणी नियमित बॅले होतो. शिकागो चार तासांवर आहे. तिथे जॉफ्री बॅले लिरिक ऑपेरा हाउसमध्ये नाचते, पण तो मुक्कामाचा बेत.

शोधताना बहुतेकांची चूक इथेच होते. ते कंपनीच्या नावाने शोधतात. "अमेरिकन बॅले थिएटर माझ्या गावाजवळ" असं टाकलं की हाती काहीच लागत नाही आणि माणूस हिरमुसतो. शोधायचं ते थिएटर. गावं मर्यादित आणि त्यातली ऑर्केस्ट्रा पिट (वादकांसाठी स्टेजपुढचा खोलगट भाग) असलेली, खोल स्टेजची, विंगांना जागा असलेली सभागृहं त्याहून मर्यादित. मोठा बॅले दुसरीकडे उभाच राहू शकत नाही. अशी पाच-सहा सभागृहं वहीत लिहून ठेवा आणि त्यांच्या ईमेल यादीत नाव घाला. पुढचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान जाहीर होतो. आधी वर्गणीदारांना तिकिटं मिळतात, सुटी तिकिटं बहुधा उन्हाळा सरता सरता खुली होतात. हंगाम सप्टेंबर ते मे. एका कंपनीचे वर्षाला चार ते सहा कार्यक्रम आणि प्रत्येक कार्यक्रम एक किंवा दोन वीकेंड. आपल्याकडच्या नाटकासारखं "पुढच्या महिन्यात परत लागेल" असं इथे नसतं. वीकेंड हुकला की तो बॅले काही वर्षं गेलाच म्हणायचा.

आता ब्लूमिंग्टन, आणि इथे जरा थांबणार आहे. इंडियाना युनिव्हर्सिटीच्या जेकब्स स्कूल ऑफ म्युझिकमध्ये बॅलेचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्याचे प्रयोग म्युझिकल आर्ट्स सेंटरमध्ये होतात. विद्यार्थ्यांचा कार्यक्रम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गॅदरिंग येतं. ती कल्पना इथे सोडून द्या. सभागृह ऑपेरासाठी बांधलेलं आहे आणि पिटमध्ये ऑर्केस्ट्रा असतो, तोही त्याच संगीतशाळेचा. अनेक व्यावसायिक कंपन्यांना जे परवडत नाही ते इथे मिळतं, कारण वादक आणि नर्तक एकाच संस्थेत शिकतात. जॉर्ज बॅलन्शीन या नृत्यरचनाकारासाठी नाचलेल्या व्हायोलेट व्हर्डी 1996 पासून 2016 मध्ये वारल्या तोवर इथे शिकवत होत्या. 1967 च्या 'एमराल्ड्स' या बॅलेमधली एक प्रमुख भूमिका बॅलन्शीनने त्यांच्यासाठी रचली होती. बॅलन्शीनची नृत्यं कोणालाही मनाला येईल तशी बसवता येत नाहीत. त्यासाठी त्यांचे हक्क सांभाळणाऱ्या बॅलन्शीन ट्रस्टची परवानगी लागते आणि ट्रस्टने नेमलेला माणूस येऊन ती बसवून देतो. ब्लूमिंग्टनला ती होतात, आणि शाळेच्या पातळीबद्दल तेवढा पुरावा मला पुरतो. वर्षाचा क्रमही पाठ करण्यासारखा आहे: शरदातला एक कार्यक्रम, डिसेंबरच्या सुरुवातीला 'नटक्रॅकर' हा नाताळचा बॅले, वसंतात आणखी एक. शरदातला आणि वसंतातला बहुधा मिश्र कार्यक्रम असतो, म्हणजे तीनेक छोट्या रचना आणि मध्ये मध्यंतरं. कथा नाही म्हणून लोक टाळतात. खरं तर नवख्या प्रेक्षकाला हाच सोपा, कारण एक तुकडा नाही आवडला तर वीस-पंचवीस मिनिटांत दुसरा येतो.

इंडियानापोलिसला बटलर युनिव्हर्सिटीचा बॅले आहे, क्लोज हॉलमध्ये. 'इंडियानापोलिस बॅले' ही व्यावसायिक कंपनी त्यामानाने नवी आहे. लुईव्हिल बॅले 1952 पासूनची. सिनसिनाटी बॅलेचा 'नटक्रॅकर' 1878 च्या म्युझिक हॉलमध्ये होतो आणि साथीला सिनसिनाटी सिंफनी असते. एकाच वर्षी एकच 'नटक्रॅकर' पाहायचा असेल आणि खर्चाची तयारी असेल, तर तोच पाहा.

'नटक्रॅकर'बद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण डिसेंबरात तो पंधरा-वीस हजार वस्तीच्या गावातसुद्धा लागतो. चायकोव्स्कीचं संगीत 1892 चं, त्यामुळे त्याच्या हक्कांचे पैसे कोणाला द्यावे लागत नाहीत. अमेरिकेत तो पूर्ण रूपात पहिल्यांदा झाला सॅन फ्रान्सिस्कोत, 24 डिसेंबर 1944 ला. 1954 मध्ये बॅलन्शीनने न्यूयॉर्कला आपला बसवला आणि नंतर देशभर त्याची प्रथाच पडली. त्यात पार्टीतली मुलं, उंदीर, शिपाई अशा मुलांच्या भूमिका ढीगभर. हिशेब सरळ आहे: उंदीर झालेल्या एका मुलामागे घरच्यांची किमान चार तिकिटं. या महिन्याच्या गल्ल्यावर कंपन्यांचं उरलेलं वर्ष चालतं.

मग गावातल्या शाळेचा 'नटक्रॅकर' पाहायचा का? बॉक्स ऑफिसला एकच प्रश्न विचारा: "शुगर प्लम फेअरी आणि तिचा कॅव्हेलियर कोण नाचतंय?" पुष्कळ शाळा परी आणि तिचा जोडीदार या दोन प्रमुख भूमिकांसाठी व्यावसायिक कंपनीतून पाहुणे बोलावतात. मोठ्या कंपन्यांमधले नर्तकही या हंगामात असे दौरे करतात. दुसऱ्या अंकाच्या अखेरीला त्यांचं युगुलनृत्य येतं. आधी दोघांचं संथ अदाज्यो, मग त्याचं छोटं एकल, मग सेलेस्टा या वाद्याच्या किणकिणीवरचं तिचं, आणि शेवटी वेगवान कोडा. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. पण तीनशे माणसांच्या सभागृहात दहाव्या रांगेतून, तिच्या पाठीच्या स्नायूंची हालचाल दिसेल इतक्या जवळून ते पाहायला मिळतं. न्यूयॉर्कला तेवढं जवळचं तिकीट काढायला छातीच लागते. पाहुणे नसतील तर तो आपल्या शेजाऱ्यांच्या मुलांचा कार्यक्रम आहे असं समजून जा. त्यातही मजा आहे, फक्त त्याला बॅलेची तहान भागवायला लावू नका.

दुसरा प्रकार फिरत्या कंपन्यांचा. आपल्याकडे नाटकाचा कॉन्ट्रॅक्ट प्रयोग असतो, ठेकेदार प्रयोग विकत घेतो आणि तिकीटविक्री त्याची, अगदी तसंच इथे चालतं. सभागृह ठरावीक रक्कम मोजतं, कंपनी बसने येते, सकाळी फरशी अंथरते, रात्री नाचते आणि पुढच्या गावाला निघते. यात वाईट काही नाही, आपली सगळी रंगभूमी अशाच दौऱ्यांवर वाढली. पण भारदस्त शहराचं नाव आणि पुढे 'बॅले' एवढ्यावर भाळू नका. कंपनीचं स्वतःचं कायमचं थिएटर कुठे आहे, नर्तकांची नावं छापली आहेत का आणि ते एकूण किती, हे पाहा. 'स्वान लेक' या हंस झालेल्या राजकन्येच्या बॅलेत मोठ्या कंपनीचे 24 हंस असतात. दौऱ्यावर ते 16 होतात, कधी 12. बारा हंसांचं तळं वाईट दिसतं असं नाही, पण दुसऱ्या अंकाचा सगळा परिणाम रांगांवर उभा आहे. त्या रांगा विरळ झाल्या की उरते नुसती गोष्ट, आणि ती काही एवढी थोर नाही.

जाहिरातीतले शब्दही नीट वाचावेत. 'फुल-लेंग्थ' लिहिलं असेल तर पूर्ण बॅले. 'हायलाइट्स' किंवा 'एक्सर्प्ट्स' असेल तर 'स्वान लेक'चा बहुधा दुसरा अंक आणि काळ्या हंसिणीचं युगुलनृत्य, एवढंच. 'लाइव्ह ऑर्केस्ट्रा' हे जिथे असतं तिथे ठळक छापतात. छापलेलं नसेल तर रेकॉर्ड वाजणार हे धरून चाला.

रेकॉर्डने काय बिघडतं हे 'स्वान लेक'च्या तिसऱ्या अंकात दिसतं. काळी हंसीण एका पायावर 32 गिरक्या घेते, त्यांना फुएते म्हणतात. पिटमध्ये कंडक्टर असेल तर तो तिच्याकडे पाहत असतो. ती थोडी मागे पडली तर तो लय किंचित ढिली करतो, फॉर्मात असेल तर ताणतो. तबलजी नर्तकीकडे नजर ठेवून वाजवतो तसंच. रेकॉर्ड कोणासाठी थांबत नाही. मग ती विसाव्या-बाविसाव्या गिरकीपाशी संगीताच्या मागे पडते, आणि 32 पुऱ्या करायच्या की सुरांबरोबर संपवायचं, हे तिला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. शिवाय टाळ्या लांबल्या की पुढच्या तुकड्याचे पहिले सूर त्यांत बुडतात.

दुसरी गोष्ट फरशीची. बॅलेला खाली लवचीक लाकडी जमीन लागते आणि वर व्हिनाइलचे पट्टे, कडांना चिकटपट्टीने जोडलेले. याला सगळे मार्ली म्हणतात. शाळेच्या ऑडिटोरियममध्ये लाकडी स्टेजखाली थेट काँक्रीट असेल, तर नर्तक उड्या आखडत्या घेतात, कारण उद्या पुढच्या गावात नाचायचं असतं. उडी मारून खाली येताना दाणकन आवाज आला की दोष दर वेळी नर्तकाचाच असतो असं नाही.

खुर्ची कुठली घ्यावी? सगळ्यात पुढची आणि सगळ्यात महाग तर मुळीच नको. पहिल्या दोन-चार रांगांतून स्टेजच्या कडेमुळे पावलं दिसत नाहीत, आणि पावलंच दिसणार नसतील तर बॅलेला कशाला जायचं? पहिल्या बाल्कनीची पुढची रांग मिळाली तर उत्तम, कारण समूहाच्या आकृत्या वरून उलगडतात. खाली बसायचंच तर मधोमध, दहावी ते पंधरावी रांग. टोकाच्या खुर्च्या स्वस्त असतात त्याचं कारण, त्या बाजूचा स्टेजचा मागचा कोपरा विंगेआड जातो. बॅलेत तिरक्या रेषेला फार महत्त्व असतं. नर्तकी मागच्या कोपऱ्यातून निघते, आणि आपल्याला ती अर्ध्या वाटेवर आल्यावर दिसते.

तिकीट सभागृहाच्या स्वतःच्या साइटवरूनच काढा. शोधयंत्रात सगळ्यात वर बऱ्याचदा फेरविक्रीवाले येतात, त्यांच्या पत्त्यात सभागृहाचं नावही असतं, आणि तीच खुर्ची दुप्पट-तिप्पट भावाला विकतात. शंका आली तर सरळ बॉक्स ऑफिसला फोन करा. लहान मुलांना मांडीवर घेऊन बसता येत नाही, प्रत्येकाला वेगळं तिकीट लागतं आणि बऱ्याच ठिकाणी किमान वयाची अट असते. ती आधी पाहा, दारात वाद घालून उपयोग होत नाही. उशिरा पोचलात तर संगीत चालू असताना आत सोडत नाहीत. 'नटक्रॅकर'चा पहिला अंक पाऊण तासाचा, त्यामुळे बाहेरच्या टीव्हीवर उंदीर पाहत उभं राहावं लागेल. आणि हो, बॅलेत मध्येच टाळ्या वाजवलेल्या चालतात, एकल संपलं की अवश्य वाजवा. फक्त 'वन्स मोअर' नाही.

प्रमुख भूमिका दोन जोड्या आळीपाळीने करतात. शनिवारी रात्री बहुधा पहिली जोडी आणि रविवारी दुपारी तरुण दुसरी. यादी साधारण आठवडाभर आधी साइटवर लागते. रविवार दुपारला दुय्यम समजू नका, पहिल्यांदाच मोठी भूमिका करणारी मुलगी जीव ओतून नाचते.

उन्हाळ्यात इथलं सगळं बंद, तेव्हा सुट्टीचा प्रवास आखताना पाहून ठेवायच्या जागा सांगतो. न्यूयॉर्क सिटी बॅले 1966 पासून जुलैत साराटोगा स्प्रिंग्जला जाते, तिथे हिरवळीवर बसूनही पाहता येतं. मॅसॅच्युसेट्समधल्या बेकेटला जेकब्स पिलो हा नृत्यमहोत्सव, कोलोरॅडोत व्हेलचा महोत्सव. मिसिसिपीतल्या जॅक्सनला आंतरराष्ट्रीय बॅले स्पर्धा भरते, 1979 पासून, बहुतेक दर चार वर्षांनी. सिनेमागृहात दाखवतात त्या बॅलेबद्दल मी बोलत नाही. तिथे कुठे पाहायचं हे कॅमेरा ठरवतो.

आता जाण्याचं. शिकागोला निघालात तर दोन गोष्टी: शिकागोचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे असतं, त्यामुळे जाताना तास मिळतो आणि येताना जातो. आणि हिवाळ्यात गॅरी या गावाच्या अलीकडे मिशिगन सरोवरावरून येणारा बर्फ अचानक गाठतो. प्रयोग झाला तर वादळामुळे तुम्ही पोचला नाहीत म्हणून पैसे परत मिळत नाहीत, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीची तिकिटं बदलून मिळणारी असतील तरच काढा. ब्लूमिंग्टनचा घोळ वेगळा. शरदातला कार्यक्रम पानं रंगण्याच्या दिवसांत आला, तर स्टेट रोड 46 वरचं नॅशव्हिल, टेनेसीतलं नव्हे, ब्राउन काउंटीतलं, शनिवारी दुपारी मोटारींनी तुंबलेलं असतं. त्यात युनिव्हर्सिटीचा फुटबॉल सामना घरच्या मैदानावर असेल तर पुढे बायपासवरही तेच. एरवी तासाभराचा रस्ता, त्या दिवशी दोन तास धरा, किंवा सरळ शुक्रवारचं तिकीट काढा.