सल्ल्यांची हाऊसी

[दृश्य: फरशीवर पसरलेले पुठ्ठे, कात्र्या, स्केचपेनं. पंख्याचा आवाज.]

पुठ्ठा जाड घ्यायचा. पातळ घेतला तर तिकीट दोन लग्नांत मऊ पडतं. या फिल्ममध्ये तुम्हाला बरेच सल्ले ऐकू येणार आहेत, त्यातला कामाचा एवढाच.

गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीतला हा हॉल. रविवारची दुपार. सोफा भिंतीला सरकवलाय आणि सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड अशा चारी बाजूंनी आलेले आईबाप खाली बसून हाऊसीची तिकिटं बनवतायत. प्रत्येकाच्या घरी ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालेलं मूल आहे. मुलं आतल्या खोलीत आहेत. त्यांचे चेहरे तुम्हाला दिसणार नाहीत, पालकांशी तसं ठरलंय. हात दिसतील, पाय दिसतील. आवाज तर येतच राहतील.

हाऊसीचं तिकीट सगळ्यांना माहीत असतं. तीन ओळी, ओळीत पाच आकडे, एकूण 15. इथे आकड्यांच्या जागी वाक्यं आहेत. नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, सिटीलिंकच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या काकूंनी ऐकवलेली. वाक्य कानावर पडलं की त्या चौकोनावर फुली. ओळ भरली की चहा. फुल हाऊस झालं की बाकीच्यांनी मिसळ खाऊ घालायची, पापड आणि दह्यासकट.

नियम कडक आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं वाक्य चालत नाही, समोरासमोर ऐकलेलं हवं. आपणच विषय काढून वदवून घेतलं तर बाद. एकाच आत्याबाईंनी एकाच पंगतीत तीनदा म्हटलं तरी फुली एकच. आणि खोटा दावा केला तर बोगी. बोगीवाल्याने पुढच्या खेपेला सगळ्यांसाठी पुठ्ठा आणायचा.

तिकिटं हातानेच लिहितात. संगणकावर करून पाहिली होती, पण प्रत्येकाच्या घरची वाक्यं वेगळी. सातपूरच्या तिकिटात "गावी आजीकडे ठेवा" हमखास येतं, कॉलेज रोडच्या तिकिटात "फॉरेनमध्ये यावर उपचार आहेत म्हणे". म्हणून आधी सगळ्यांनी आपापली वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहायची, चिठ्ठ्या एका डब्यात टाकायच्या, आणि मग वाटणी करायची. हा चिवड्याचा डबा. चिवडा आमच्या कॅमेरामनने संपवला.

[दृश्य: एका तिकिटाचा क्लोजअप. बोट वरच्या ओळीवरून फिरतं.]

वरची ओळ कारणांची. "मोबाईल दिला असेल हातात." "आई नोकरी करते का?" "एकुलता एक आहे ना, बोलणार कुणाशी?" "ग्रहणात बाहेर पडली होतीस?" "लस टोचल्यावरच झालं ना?"

मोबाईलचा चौकोन सगळ्यात आधी भरतो. अंबडला कारखान्यात काम करणारे हे बाबा, त्यांचं उत्तर ठरलेलं आहे.

[बाईट, बाबा] "मी म्हणतो, काका, बरोबर बोललात. तुम्हीही तपासून घ्या. मी मघापासून तीनदा हाक मारली, तुम्ही मोबाईलमधून मान वर केली नाहीत."

हाकेला ओ न देणं ही खरोखरच ऑटिझमची एक खूण आहे. दुसरी खूण बोटाची. दीड वर्षाचं मूल चंद्राकडे, विमानाकडे, गाईकडे बोट दाखवतं आणि आपल्याकडे वळून बघतं: तू पाहिलंस का? ते बोट उठत नसेल तर वाट बघत बसू नये. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी 20 प्रश्नांची एक चाळणी चाचणी आहे, हो किंवा नाही एवढंच सांगायचं असतं. तीत बोटाबद्दल एकाहून जास्त प्रश्न आहेत. मोबाईल आहे का घरात, असा प्रश्न एकही नाही.

जास्त स्क्रीनने लहान मुलांचं बोलणं रेंगाळू शकतं, ते वेगळं. ऑटिझमची घडण मेंदूत फार आधी, बरीचशी आईच्या पोटात असतानाच होते. 2019 साली पाच देशांतल्या 20 लाख मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा जनुकांचा वाटा साधारण 80 टक्के निघाला. लसीच्या बाबतीत सांगायचं तर 1998 साली ब्रिटनमध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरने 12 मुलांवरून एक शोधनिबंध छापला होता. 2010 साली तो मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी या डॉक्टरचं नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढलं गेलं. तरी चौकोन शिल्लक आहे. आपल्याकडे तो सहसा परदेशातून सुट्टीवर आलेल्या चुलतभावामुळे भरतो.

[दृश्य: स्वयंपाकघर. फ्रिजचं दार. दारावर नाही, आईच्या टीशर्टवर विजेच्या बचतीचं स्टार असलेलं लेबल.]

हे लेबल नवीन फ्रिजवर होतं. तिथून निघालं आणि इथे चिकटलं. पाच स्टार.

याच्यामागे एक जुनी गोष्ट आहे, ती थोडी सविस्तर सांगायला हवी. 1943 साली अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने 11 मुलांचं वर्णन छापलं आणि ऑटिझम वैद्यकाच्या नकाशावर आला. निरीक्षण बारकाईचं होतं. पण त्यांनी आईबापांकडेही पाहिलं, आणि त्यांना ते कोरडे वाटले. पुढे 1949 साली त्यांनी लिहिलं की ही मुलं जणू फ्रिजमध्ये ठेवलेली होती, कधीच बर्फ न वितळणाऱ्या. झालं. ब्रुनो बेटलहाइम नावाच्या गृहस्थांनी ते उचललं आणि साठच्या दशकात असं पसरवलं की आईने माया केली नाही म्हणून मूल मिटून गेलं. मुलांना आयांपासून दूर ठेवणं हा उपचार ठरला. हे खोडून काढलं बर्नार्ड रिमलँड यांनी, 1964 साली. ते मानसशास्त्रज्ञ होते, पण मुद्दा असा की ते ऑटिझम असलेल्या मुलाचे वडीलही होते. अखेर 1969 साली खुद्द कॅनर पालकांच्या सभेत उभे राहिले आणि तुम्ही निर्दोष आहात, असं त्यांनी जाहीर सांगितलं.

निकालाची प्रत नाशिकला पोहोचलेली दिसत नाही.

[बाईट, आई] "मला विचारलं होतं, तू याला पुरेसं जवळ घेतलं नाहीस का? अहो, हा चार वर्षांचा होईपर्यंत माझ्या कडेवरून उतरला नाही. माझा खांदा कामातून गेला. म्हटलं, फ्रिजच आहे ना मी, मग निदान पाच स्टारवाला असू दे."

आयांना दोष देणारे चौकोन तिकिटावर सर्वाधिक आहेत. बापांना दोष देणारा एकही चौकोन आम्हाला सापडला नाही. बापांनीच तक्रार केली, की आम्हाला कुणी मोजतच नाही.

[दृश्य: त्र्यंबकचा रस्ता, डोंगर, पावसाळी ढग.]

मधली ओळ उपायांची. "जिभेला मध आणि वेखंड चाटवा." "याचा बापही चार वर्षांनी बोलला होता, थांबा." "दुसरं होऊ द्या, आपोआप सुधारेल." "दोन द्या ठेवून." आणि नाशिकमध्ये ज्याच्यावाचून तिकीट पूर्ण होत नाही ते, "पत्रिका दाखवलीत का?"

इतर शहरांतल्या नातेवाइकांना उपाय सुचवायला कष्ट पडत असतील. इथे तीसेक किलोमीटरवर त्र्यंबकेश्वर आहे. कालसर्प आहे, नारायण नागबळी आहे, आणि कुणाच्या तरी ओळखीचे गुरुजी तर असतातच.

[बाईट, पंचवटीच्या आई] "केली ना पूजा. खोटं कशाला बोलू? छान झाली. गुण पण आला."

[विराम]

"सासूबाईंना. त्यांना रात्री झोप लागायला लागली."

सासूबाई शेजारीच बसल्यात आणि हसतायत. मध-वेखंडवालं वाक्य मूळ त्यांचंच. आता डब्यातून चिठ्ठ्या काढून खणखणीत आवाजात वाचण्याचं कामही त्यांचंच. स्वतःचं वाक्य आलं की त्या पुढे जोडतात, "हे कोण म्हणालं होतं बरं?"

महागड्या उपायांचे चौकोन वेगळ्या रंगात आहेत. 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑटिझमवर मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, उपचार करू नयेत असं सांगितलं. त्या आधी ज्यांनी पैसे भरले त्यांनी ते चौकोन लाल रंगवलेत. "दोन द्या ठेवून" या चौकोनावर मात्र कुणी उत्तर तयार केलेलं नाही.

[दृश्य: मेन रोड. मिरवणूक. नाशिक ढोल. गर्दीत कानावर जाड हेडफोन लावलेल्या मुलाची पाठ, खांद्यावर वडिलांचा हात.]

ढोलाच्या या शहरात कानांना आवाज सहन न होणारं मूल वाढवायचं म्हणजे कॅलेंडर पाठ लागतं. गणपती, मिरवणुका, लग्नसराई. रोजचे मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या वेगळ्या. हे हेडफोन आवाज कमी करणारे आहेत. पण बघणाऱ्याला वाटतं गाणी चालू आहेत.

[बाईट, वडील] "परवा एकजण म्हणाला, काय ऐकतोय एवढं? म्हटलं, तुम्हाला ऐकू नये म्हणून लावलेत."

कॅमेरा जरा डावीकडे. ढोलाच्या अगदी पुढ्यात, कातड्यावर टिपरू आदळतं तिथे, दोन्ही हात हवेत फडफडवत उभी असलेली ही मुलगी. तिला तिथून हलवणं कठीण असतं. तिचं आणि त्या मुलाचं निदान एकच. हा शॉट ठरवून मिळाला नाही, दोन्ही कुटुंबं त्या दिवशी योगायोगाने आली होती. स्पेक्ट्रम म्हणजे काय, हे सांगायला आम्ही एक लांबलचक परिच्छेद लिहिला होता. तो काढून टाकला.

[दृश्य: जेवणाचं टेबल. छापील प्रश्नावली. पेन्सिल.]

ऑटिझम रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. एमआरआयमध्ये दिसत नाही. मुलाला बघायचं, खेळवायचं, जन्मापासूनची हकिगत विचारायची, आणि मग ठरवायचं. आपल्याकडे अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात तिच्यात 40 मुद्दे आहेत, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. म्हणजे कमीत कमी 40, जास्तीत जास्त 200. 70 च्या खाली असेल तर ऑटिझम नाही.

[बाईट, बाबा] "आयुष्यभर मार्क जास्त पडावेत म्हणून देव पाण्यात ठेवले. पहिल्यांदाच कमी पडावेत म्हणून ठेवले. तर पोरगा डिस्टिंक्शनमध्ये."

म्हणूनच खालची ओळ. ही कौतुकाची ओळ, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड, कारण म्हणणारा मनापासून चांगलं म्हणत असतो. "दिसत तर नाही हो." यावर मधुमेही मामांना मिळालेलं उत्तर: "तुमची शुगर तरी कुठे दिसते?" "गणितात हुशार असेल ना?" यावर: "बापावर गेलाय. दोघांनाही तेराचा पाढा येत नाही." असामान्य बुद्धीची मुलं असतात, पण ती थोडी. बाकीच्या मुलांना शाळेत बसायला जागा मिळाली तरी पुष्कळ. "देवाने तुम्हाला खास निवडलं." यावर एक आई फक्त म्हणते, "अर्ज कुठे केला होता ते आठवत नाही." आणि "आपण सगळेच थोडे थोडे ऑटिस्टिक असतो", यावर सगळ्यांचं एकच उत्तर: "मग सिव्हिलच्या रांगेत कधी दिसला नाहीत."

याच गटातल्या दोघींनी नोकरी सोडली. एका मुलाचं नाव शाळेने काढायला लावलं, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांमध्ये ऑटिझम स्पष्ट लिहिलेला असताना. एका कुटुंबाने लग्नांना जाणंच थांबवलं होतं. तिकिटासाठी म्हणून ते परत जाऊ लागले.

[दृश्य: हॉल. खुर्चीत ताठ बसलेला तरुण, फक्त हात आणि वही. बाजूला नियमांचा कागद.]

हे पंच. वय 22. निदान त्यांचं स्वतःचं आहे. एका पालकांबरोबर ते पहिल्यांदा आले आणि त्यांनी नियमांतल्या चुका काढल्या, तेव्हापासून पंचगिरी त्यांच्याकडे. वाक्य जसंच्या तसं असेल तरच फुली. "मोबाईलमुळे" आणि "टीव्हीमुळे" हे त्यांच्या लेखी दोन वेगळे चौकोन आहेत, आणि यावर अपील नाही.

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतः लिहिलेली तिकिटं आणली. वाटली. कुणाला आधी सांगितलं नव्हतं. पालकांना वाटलं नातेवाइकांची नवी वाक्यं असतील.

[दृश्य: तिकीट वाचणारे चेहरे. इथे संगीत नको.]

"बोला हो तुम्ही, त्याला काही कळत नाही." "आमच्यानंतर याचं काय?" "नमस्कार कर. कर ना. अरे कर." "आज पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वाग." "हा नॉर्मल असता तर." सगळी या हॉलमध्ये, मुलांच्या देखत, पालकांनी म्हटलेली. 15 च्या 15.

[बाईट, पंच] "तुम्ही जोक करता ते चांगले असतात. पण तुम्ही फक्त दुसऱ्यांची वाक्यं लिहिता. आम्ही आतल्या खोलीत असतो. दार उघडं असतं."

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही, मग अंबडच्या बाबांनी पेन उचललं. त्यांनी प्रस्ताव मांडला की ही वाक्यं आजपासून मोजावीत, मागचं माफ. पंचांनी प्रस्ताव फेटाळला. मग मतदान घेऊ, म्हणाले. पंच म्हणाले, नियमात मतदान नाही. सासूबाईंनी चिवड्याचा डबा हलवला आणि नवीन डाव सुरू झाला.

पाचव्या चिठ्ठीला बाबा ओरडले, "जल्दी पाच!" पंचांनी तिकीट तपासलं. चार फुल्या बरोबर होत्या. पाचवं वाक्य त्यांच्या बायकोचं होतं.

बोगी. पुढचा पुठ्ठा त्यांच्याकडे.