निळ्या व्हँडाला वारा लागतो

(दृश्य: मेघालय, खासी टेकड्या. ऑक्टोबरमधली सकाळ.)

पाऊस नुकताच सरलाय. डोंगरउतारावरचं गवत पिवळं पडू लागलंय. मधूनमधून ओकची झाडं दिसतात, खुरटी, वेडीवाकडी, पानांनी इतकी विरळ की खाली धड सावलीही पडत नाही. अशाच एका उघड्या फांदीवर, कोरड्या खरबरीत सालीला धरून, एक निळा तुरा वाऱ्यावर डुलतोय.

व्हँडा सेरुलिया नावाची आमरी, म्हणजे ऑर्किड. निळी व्हँडा. आता निळी म्हणायची तर नजर थोडी उदार हवी, कारण बरीचशी फुलं जांभळ्याकडे झुकलेली असतात. पण पाकळ्यांवर गडद रेघांची जी जाळी उमटते, ती एकदा जवळून पाहिली की रंगाचा वाद आपोआप मिटतो.

(दृश्य: मुळांचा क्लोजअप.)

व्हँडा हे नाव संस्कृतातल्या ‘वंदा’वरून आलं. दुसऱ्या झाडावर वाढणारी, ती वंदा. आपल्याकडेही फांदीवर असं काही दिसलं की सरसकट ‘बांडगूळ’ म्हणून मोकळे होतात. पण ही आमरी झाडाचा रस पीत नाही, त्याच्यावर नुसती बसते. तिच्या जाड मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. पाऊस, धुकं, दव, जे मिळेल ते ही मुळं शोषून घेतात. कोरडी असताना रुपेरी दिसतात, भिजली की हिरवी होतात. हा रंगबदल लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

विल्यम ग्रिफिथ या वनस्पतिशास्त्रज्ञाला 1837 मध्ये ती याच टेकड्यांत दिसली. 1847 मध्ये जॉन लिंडलीने तिचं शास्त्रीय नाव प्रसिद्ध केलं आणि विलायतेतल्या श्रीमंत बागवाल्यांना तिचं वेड लागलं. 1850 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर इथे आला. लंडनजवळच्या क्यू इथल्या शाही बागेसाठी त्याने सात माणसांची ओझी भरतील इतकी झाडं गोळा केली. त्यातली फारच थोडी जिवंत पोचली. जागा पाहून घ्यायला म्हणून एका गृहस्थाने आपला माळी हुकरबरोबर धाडला होता. त्या गृहस्थाने एकच ओझं इंग्लंडला पाठवलं. झाडं पार मरगळलेली होती, तरी 300 पौंडांना विकली गेली! जंगलं कशी ओरबाडली गेली, ते यावरून कळतं.

पण त्याच हुकरने 1854 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात एक फार शहाणपणाची गोष्ट नोंदवली. इंग्लंडमध्ये या झाडाला काचघरात दमट, कोंदट उबेत जपत होते. इथे मात्र ते 3 ते 4 हजार फुटांवर ऊन, पाऊस, वारा सगळं अंगावर घेतं. फुलांच्या दिवसांत हवा साधारण 16 ते 27 अंश, हिवाळ्यात जमिनीवर हिमकण. हवेत दमटपणा असतो, पण ती कोंडलेली नसते. आपण नेमकं उलटं करतोय, असं त्याचं म्हणणं.

(दृश्य: गच्चीवर टांगलेली लाकडी टोपली.)

आजही झाडं मरतात ती याच चुकीने. कुंडीत माती भरून ही व्हँडा लावली, तर मुळं कुजलीच म्हणून समजा. लाकडी पट्ट्यांची टोपली घ्या. आत कोळशाचे चार मोठे तुकडे, तेही नाही टाकले तरी चालतं. मुळं खाली मोकळी लोंबू द्या. सकाळचं ऊन भरपूर, दुपारी शेडनेट. पाणी सकाळी, मुळं रुपेरीची हिरवी होईपर्यंत. ती संध्याकाळच्या आत सुकायला हवीत. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यापेक्षा साठवलेलं पावसाचं पाणी केव्हाही बरं. वाढीच्या दिवसांत आठवड्याला अगदी पातळ खत द्यावं. थंडी पडली की खत बंद, पाणीही कमी.

खरी अडचण रात्रीची आहे, तिला रात्री गारवा लागतो. पाचगणी-महाबळेश्वरकडे तिला हवा तो गारवा मिळतो. मुंबईत किंवा कोकणपट्टीत झाड जगेल, पण फुलायला कुरकुर करेल. तिथे संकर बरे. 1931 मध्ये नोंदलेला ‘रॉथ्सचाइल्डियाना’ हा तिचा आणि फिलिपिन्सच्या सँडेरियाना व्हँडाचा संकर. सँडेरियाना उष्ण हवेतली, म्हणून हा संकर उकाडा जास्त सोसतो.

मूळ जातच हवी असेल, तर कागदपत्रांसह, परवानाधारक रोपवाटिकेतून, प्रयोगशाळेत बियांपासून वाढवलेलं रोप घ्या. वन्यजीव कायद्याने ही वनस्पती संरक्षित आहे. जंगलातून ती उचलणं गुन्हा आहे.

(दृश्य: पानाच्या बेचक्यात हिरवा कोंब.)

पावसाळा संपताना पानाच्या बेचक्यातून असं काहीतरी डोकावतं. टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत असेल तर ते नवं मूळ. टोक निमुळतं असून त्यावर बारीक खवले दिसत असतील, तर टोपली आता फिरवू नका, आहे त्याच दिशेला राहू द्या. तुरा निघालाय.