16 पूर्ण, पण कोणत्या तारखेला?

नमस्कार मंडळी. आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल, पण फॉर्म भरायची वेळ आली की त्यावरून घराघरात वाद होतात. हायस्कूलच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत लॅबमध्ये रिसर्च इंटर्नशिप करायची असेल तर वय किती लागतं? मार्क चांगले, आवड आहे, शिक्षकांनी शिफारसपत्रही झकास दिलंय, आणि जन्मतारीख टाकली की फॉर्म पुढेच सरकत नाही. पोर रडकुंडीला येतं आणि आईबाप म्हणतात अहो थोड्याच दिवसांनी 16 पूर्ण होतायत, एवढ्यासाठी काय अडवायचं.

तर अडवतात. पण माझं म्हणणं असं की 16 या आकड्याकडे नंतर बघा, आधी तो कोणत्या तारखेला मोजतात ते बघा. अमेरिकेतले नावाजलेले प्रोग्रॅम घ्या, स्टॅनफर्डचा मेडिकल रिसर्चचा, स्टोनी ब्रूकचा सायमन्स, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठाचा, यांची अट साधारण अशी असते की प्रोग्रॅम सुरू होताना 16 पूर्ण हवेत. सुरू होताना हं, अर्ज करताना नव्हे! म्हणजे हिवाळ्यात फॉर्म भरताना मुलगी 15ची असेल आणि मे महिन्यात तिचा वाढदिवस असेल तर ती बसते की नियमात, आणि इथेच कित्येक जण 'जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू' म्हणून गप्प बसतात. वर्ष फुकट गेलं ना. एनआयएच म्हणजे तिकडची सरकारी आरोग्य संशोधन संस्था, तिने अलीकडच्या काही वर्षांत हायस्कूलवाल्यांसाठी 15 जूनला 17 पूर्ण अशी अट ठेवली होती. तेव्हा एका प्रोग्रॅमचं वय दुसऱ्याला लावू नका, आणि मागच्या वर्षीची अट यंदा तशीच असेल असंही धरून चालू नका.

आता हे 16 न् 18 आले कुठून? बऱ्याच अंशी कायद्यातून. अमेरिकेचा 1938चा कामगार कायदा आहे, त्यात शेती सोडून बाकीच्या पगारी कामाला साधारण किमान वय 14. पण 14-15च्या मुलांना मोजकीच कामं चालतात, तासांचीही बंधनं, उन्हाळ्यात झालं तरी रात्री 9 नंतर काम नाही आणि आठवड्याला 40 तासांच्या वर नाही. 16 झाले की तासांची कटकट केंद्राच्या कायद्यापुरती संपते, राज्यांचे नियम वेगळे. आणि जी कामं धोक्याची ठरवलीत ती 18 होईपर्यंत बंदच. रेडिएशनचंच बघा, तिथे मोठ्या माणसाला कामावर वर्षाला 50 मिलिसीव्हर्टची (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजायचं हे एकक) मर्यादा आहे आणि 18च्या आतल्याला त्याच्या एक दशांश, म्हणजे 5. त्यामुळे विद्यापीठाचा सेफ्टीवाला आणि इन्शुरन्सवाला मिळून सरळ सांगतात, 16च्या आतली पोरं नकोतच.

कोणी म्हणेल जरा जास्तच करतात. मला नाही वाटत तसं, निदान केमिकलच्या लॅबबद्दल तरी नाही. डिसेंबर 2008 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये 23 वर्षांची एक रिसर्च असिस्टंट सिरिंजने टर्ट-ब्युटिल लिथियम काढत होती, हवा लागली की पेटणारं द्रव्य ते. सिरिंजचा दांडा सुटून बाहेर आला, अंगावर सिंथेटिक स्वेटर, लॅबकोट नाही, स्वेटरने पेट घेतला आणि जानेवारीत ती गेली. डिग्री घेतलेली मुलगी होती. त्याच टेबलापाशी 15 वर्षांचं पोर, ज्याला फ्यूमहूडची, म्हणजे घातक वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची, काच किती खाली ओढायची हेही कोणी सांगितलेलं नाही, नकोच वाटतं बाबा.

पण हाच नियम नुसत्या कॉम्प्युटरवरच्या प्रोजेक्टला लावतात तेव्हा मात्र माझं डोकं फिरतं. मुलगा टेलिस्कोपच्या डेटावर पायथॉनमध्ये कोड लिहिणार, हात लागणार तो कीबोर्डला, आणि त्यालाही 16चीच अट! याला वयाचा नियम नाही म्हणत, ऑफिसचा आळस म्हणतात. एकदोन यत्ता गाळून पुढे गेलेल्या मुलांची तर यात पार गोची होते, अकरावीत आहेत पण 14चे, इयत्तेची अट बसते न् वयाची अडते.

अशा मुलांनी काय करायचं? एक तर जिथे वय नाही, इयत्ता बघतात तिथे जायचं. आयसेफ नावाची जागतिक सायन्स फेअर आहे, तिथे नववी ते बारावी एवढंच बघतात, वयाची मर्यादा आहे ती वरच्या बाजूला, 20च्या आतले हवेत. मात्र घरी बसून बॅक्टेरिया वाढवणं तिथेही चालत नाही, अगदी निरुपद्रवी असले तरी नाही, त्यामुळे किचनमध्ये पेट्री डिश मांडायच्या आधी नियम वाचा. झूनिव्हर्ससारख्या साइटवर आकाशगंगांचे नाहीतर प्राण्यांचे फोटो ओळखायचं खरं रिसर्चचं काम घरबसल्या करता येतं, पगार नाही पण डेटा खरा असतो.

आणि दुसरं म्हणजे प्रोफेसरला थेट मेल. जन्मतारखेत फेरफार करायचा विचारही नको, शाळेच्या कागदावरून पकडले जाताच. उलट पहिल्याच परिच्छेदात स्वच्छ लिहा की मी 15चा आहे, अमुक तारखेला 16 पूर्ण होतील, लॅबमध्ये बसता येत नसेल तर तुमच्या ग्रुपमध्ये डेटाचं काही काम आहे का. त्यांचा एखादा पेपर खरंच वाचून त्यातली एक शंका विचारा, भाराभर कौतुक नको. आणि आईबाबांनो, मेल मुलाला लिहू द्या, तुमच्या अकाउंटवरून नको, प्रोफेसर लोकांना ते पहिल्या ओळीतच कळतं.