मागच्या बाजूचा आवाज

[लेथवर फिरणारा शिसवीचा ठोकळा. दहा सेकंद फक्त लेथचा आवाज.]

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतला हा गाळा. कातारी काकांनी आयुष्यभर पलंगाचे पाय आणि पाळण्याच्या दांड्या कातल्या. आज त्यांच्या हाताखाली हेडफोनची वाटी उतरते आहे. भिंत ६ मिलिमीटर. कॅलिपर लावून झालं की काका वाटीला टिचकी मारतात, कान जवळ नेतात. लाकूड बोललं की वाटी पुन्हा लेथवर. वाटीनं बोलायचं नाही. बोलायचं ते गाण्यानं.

[फळीवरची पितळी वाटी.]

ही पहिली वाटी. भांडी बाजारातून ठोकून आणलेली. दिसायला इतकी देखणी, की टाकवत नाही. पण प्रत्येक स्वराला तिचा स्वतःचा नाद चिकटायचा.

हेडफोनमधला पडदा पुढे जितका आवाज टाकतो, तितकाच मागेही टाकतो. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये तो मागचा आवाज खोलीत निघून जातो. १९६८ साली जर्मनीत आलेल्या सेनहायझरच्या एचडी ४१४ नं ही वाट रूढ केली. बंद वाटीत मात्र त्याला जायला जागाच नसते. भिंतीवर आपटून तो पुन्हा पडद्यावर येतो, आणि गाणारा घागरीत तोंड घालून गातोय असं वाटतं. समोरासमोरच्या दोन भिंतींत ६ सेंटिमीटर अंतर असेल, तर २८५० हर्ट्झच्या आसपासचा आवाज तिथे घुमत राहतो. आपला कान जिथे सगळ्यात तीक्ष्ण, नेमका तोच हा पट्टा.

[पटाशी. वाटीचा तळ. लाकडाची पातळ साल सुटते.]

म्हणून हा तळ तिरका. हे काम लेथचं नाही, पटाशीचं. समोरासमोर भिंतच उरली नाही, की आवाजाला एका जागी घुमता येत नाही.

[लोकर, कात्री, सोनाराचा काटा.]

उरलेला आवाज गिळायला लोकर. घोंगडीची, मेंढीच्या अंगावरची जाडीभरडी. पिंजायची, चिमट्यानं थर लावायचा, पडदा बसवून ऐकायचं, पुन्हा उघडायचं. थर जास्त झाला तर गाणं गुदमरतं. कमी झाला तर घागर परत आलीच. आम्ही चित्रीकरण केलं त्या दुपारी एकच वाटी सात वेळा उघडली गेली. काट्यावर फरक होता अर्ध्या ग्रॅमचा.

[रबरी कान. स्क्रीनवर आलेख.]

या कानाच्या आत मायक्रोफोन आहे. आलेखावर ३००० हर्ट्झच्या आसपास टेकडी दिसते, ती चूक नाही. समोरून येणारा आवाज आपली कानाची पाळी आणि कानाची नळी त्या भागात वाढवूनच आतल्या पडद्यापर्यंत पोचवतात. हेडफोन कानाशी चिकटलेला, त्यामुळे ती वाढ त्यालाच भरून द्यावी लागते. सरळ रेष काढणारा हेडफोन ऐकायला निर्जीव लागतो.

खालचा ठेका वाढवून विकणं सोपं आहे. नाशिक ढोल चौकात उभं राहून अंगावर घ्यावा, त्याची मजा तिथेच. तंबोऱ्यामागे कुणी तो लपवून वाजवला, तर गाण्यावर अन्याय होतो.

[पंचवटी. जुन्या वाड्यातली खोली. तंबोरा.]

शास्त्रीय गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीतच रामनाम आधाराश्रम उभारला. तयार कानाची माणसं इथे शोधावी लागत नाहीत. या बाई चाळीस वर्षं गाणं शिकवतात. गेल्या खेपेला हेडफोन लावताच त्यांनी विचारलं होतं, "अरे, डग्गा कुठे गेला?" डग्गा चष्म्याच्या दांडीतून गेला होता. दांडीमुळे गादीला फट राहिली, आणि बंद वाटीत फट पडली की खर्ज आधी गळतो. आता गादी रुंद आहे, मऊ आहे, दांडीभोवती बसते.

एक जोडी व्हायला तीन आठवडे लागतात. किंमत चांगल्या मोटारसायकलीएवढी, म्हणून गिऱ्हाईक मोजकंच.

[तारेखालचा दोरा. अगदी जवळून.]

बाई दोरा केसभर सरकवतात. जवारी लागते, म्हणजे तारेचा झणकार नीट जुळतो. तार मोकळी होते. हाच तंबोरा याच खोलीत आत्ता ध्वनिमुद्रित केला. आता तो खाली ठेवून त्या हेडफोन लावतील. चष्मा काढणार नाहीत.

[निवेदन थांबतं. हेडफोनमधला तंबोरा. बाईंची बोटं मांडीवर, नसलेली तार छेडतायत.]