‘मले नाई वाचाचं जी’

(दृश्य: जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा, सकाळ)

पाचवीतला हा पोरगा बघा. पुस्तक समोर ठेवलं की मान खाली आणि उत्तर ठरलेलं, ‘मले नाई वाचाचं जी’. पण हाच पोरगा वडसा स्टँडवर एसटीची पाटी लांबूनच वाचतो, चिप्सच्या पाकिटावरची किंमत वाचतो, मोबाइलमधल्या गेमवर काय लिहून आलं ते लहान बहिणीला सांगतो. म्हणजे अक्षरांशी त्याचं काही वैर नाही. त्याला नको असतात ते वाचून झाल्यावरचे प्रश्न. तात्पर्य सांग, पाच ओळी लिही, नवीन शब्द शोध. गोष्ट संपली की लगेच परीक्षा, मग कोण कशाला हात लावेल पुस्तकाला?

आपण आहोत गडचिरोली जिल्ह्यात, आजूबाजूला सगळी धानाची बांधी. शाळेत पुस्तकं नाहीत असं नाही. समग्र शिक्षा अभियानातून शाळांना ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तराप्रमाणं (प्राथमिक, माध्यमिक वगैरे) वर्षाला ५ हजारांपासून २० हजारांपर्यंत अनुदान ठरवलेलं आहे. पण बऱ्याच ठिकाणी पुस्तकं कपाटात, कपाटाला कुलूप, कारण फाटली-हरवली तर हिशोब कोण देणार ही भीती. ग्रंथालयशास्त्राचे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच नियम आहे, पुस्तकं वापरासाठी असतात. इथल्या मॅडमनी कुलूप काढलं, आणि पुस्तक फाटलं तर पोरांनीच चिकटपट्टी लावायची असं ठरलं.

(दृश्य: पोरं चिठ्ठी घेऊन पळताहेत)

पहिला खेळ चिठ्ठ्यांचा. चिठ्ठीत लिहिलंय, ‘जिथं पाणी भरायला रांग लागते तिथं दगडाखाली बघ’. वाचलं तरच कळणार बोरिंगकडे पळायचं की आंब्याच्या झाडाकडे, आणि शेवटच्या चिठ्ठीत एका पुस्तकाचं नाव आणि पान नंबर, त्या पानावर पुढच्या कोड्याचं उत्तर. इथं कुणी ‘मोठ्यानं वाच’ म्हणत नाही, पोरंच एकमेकांच्या अंगावर पडून वाचतात, अडलेला शब्द शेजारचा सांगतो आणि तोही फुकटात, कारण टीम हरायला नको.

पण माझ्या मते खरी गंमत आहे ती दंडारीत, म्हणजे इथल्या लोकनाट्यात.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या भागात, नाटकाचं वेड काय आहे ते इथं राहिल्याशिवाय कळत नाही. दिवाळी झाली, धान कापणीला आलं की गावोगाव मंडप पडतात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, वडशाच्या नाटक कंपन्यांचे पोस्टर गल्लीबोळात लागतात. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मग ज्या पोराच्या घरात आबाजींनी दंडारीत सोंग घेतलंय, त्याला गोष्ट नुसती वाच म्हणण्यापेक्षा ‘तू यातला सावकार हो’ म्हटलं तर?

म्हणून इथं आठवड्याला एक गोष्ट निवडतात, पात्रं वाटून घेतात, आणि हातात पुस्तक धरूनच दंडार करतात. पाठांतर करायचं नाही, वाचूनच बोलायचं. तो ‘नाई वाचाचं’ म्हणणारा पोरगा सावकार झाला. पहिल्या दिवशी ‘व्याज’ शब्दावर अडला, थांबला, परत सुरुवात केली. मग आवाज मोठा पाहिजे म्हणून पुन्हा वाचलं, मिशीवर ताव कुठे मारायचा ते ठरवायला पुन्हा वाचलं, हसू आलं म्हणून पुन्हा. तालमीच्या नावाखाली एकच पान किती वेळा वाचून झालं याचा त्याला पत्ताच नाही.

आणि याचा उपयोग काय तर, खेड्यातल्या मुलांना काय येतं ते तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत मुलाचं वाचन बघताना पायऱ्या असतात, अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद आणि मग गोष्ट. खूप मुलं शब्दापर्यंत येतात आणि पुढे अडकतात, कारण एकेक शब्द जुळवत वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. तोच मजकूर पुन्हापुन्हा वाचला की शब्द जुळवायचे कष्ट कमी होतात आणि डोकं अर्थाकडे लागतं. नुसतं ‘दहा वेळा वाच’ म्हटलं तर ती शिक्षा वाटते, तालीम म्हटलं की पोरं सुटीतही थांबतात.

(दृश्य: तान्हा पोळा, लाकडी बैल)

तान्ह्या पोळ्यालाही, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्यालाही, असंच. लाकडी बैलाच्या गळ्यात पाटी, त्यावर बैलाचं मनोगत, पोरांनीच लिहिलेलं, आणि बोजारा, म्हणजे पोरांना द्यायचा खाऊ-पैसे, देण्याआधी घरातल्या मोठ्यांनी ते वाचून दाखवायचं. एका आजीला वाचता येत नव्हतं, तर नातीनं वाचून दाखवलं आणि बोजारा दुप्पट घेतला.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगायची आहे. पोरगं गोष्ट सांगताना ‘मले’, ‘तुले’ म्हणालं तर मध्येच दुरुस्त करू नका हो. धानोरा, भामरागडकडे तर घरात गोंडी नाहीतर माडिया, मेळघाटात कोरकू, त्या पोरांसाठी पुस्तकातली मराठी ही शाळेत भेटणारी दुसरी भाषा. आधी त्याला त्याच्या बोलीत गोष्ट रंगवू द्या, पुस्तकातलं वाक्य तो नंतर आपणहून आणतो.

खर्चाचं म्हणाल तर खडू, जुने कागद आणि एक मोबाइल. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या साइटवर २०१५ पासून मुलांच्या गोष्टी फुकट मिळतात, मराठीतही भरपूर, डाउनलोड करून प्रिंट काढता येते, वाचनाच्या पातळीप्रमाणं निवडताही येतात.

मॅडम आत्ता तेच शोधत बसल्यात. शनिवारच्या दंडारीला नवी गोष्ट पाहिजे, आणि पोरांची ऑर्डर आहे की त्यात निदान दोन पात्रं तरी जोरात भांडणारी असावीत, आणि सावकाराचं काम या वेळी पोरीकडे द्यायचं.